रिकोडिंगनंतर एलईडी इंडिकेटर फडफडतो: रेझिस्टर, डिकोडर की दुसरा बल्ब?

फिलामेंटचे इंडिकेटर बल्ब काढून एलईडी बसवले, डायग्नोस्टिक ॲपमधून लाइटिंगचं कोडिंग, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधली दिव्यांची सेटिंग, बदललं, डॅशबोर्डवरचा बल्ब गेल्याचा इशाराही बंद झाला. तरी दिवा धड पेटत नाही. इथवर आल्यावर बरेच जण डोळे मिटून ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर मागवतात. कोडिंग झालेल्या गाडीत तो बहुतेक वेळा चुकीचा माल ठरतो. या दुखण्यावर बाजारात रेझिस्टर आहे, डिकोडर आहे, पोटातच लोड (जास्तीचा करंट ओढणारा भाग) असलेला 'कॅनबस' बल्ब आहे, चांगल्या ड्रायव्हरचा साधा एलईडी बल्ब आहे आणि जुन्या गाड्यांसाठी फ्लॅशर रिले, म्हणजे इंडिकेटर चालू-बंद करणारा स्विच, आहे. प्रत्येकाचं काम वेगळं, त्यामुळे कुठला चांगला हे ठरवण्याआधी दुखणं कुठलं ते ओळखायला हवं.

'फडफडतो' या एका शब्दात तीन निरनिराळ्या तक्रारी लपलेल्या असतात.

पहिली म्हणजे हायपरफ्लॅश: इंडिकेटर दिला की दुप्पट वेगाने टकटक सुरू होते. घड्याळ लावून १५ सेकंदांत किती वेळा पेटतो ते मोजा. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४८ प्रमाणे मिनिटाला ९० वेळा, ३० इकडेतिकडे चालतं. म्हणजे १५ सेकंदांत १५ ते ३०. त्यापुढे गेला तर गाडीला बल्ब गेला असं वाटतंय. कारण सरळ आहे. २१ वॅटचा फिलामेंट बल्ब इंजिन चालू असताना १.८ ते १.९ अँपिअर ओढतो, एलईडी त्याच्या चौथाईच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम, करंट मोजतं आणि तो मर्यादेच्या खाली दिसला की वेग वाढवून चालकाला सावध करतं.

दुसरी तक्रार थरथरीची. वेग बरोबर असतो, पण प्रत्येक उघडझाप एकसंध नसते, प्रकाश आतल्या आत कापतो. इथे दोष पीडब्ल्यूएमचा. बल्बला सरळ १४ व्होल्ट न देता बीसीएम तो सेकंदाला शंभर-दोनशे वेळा चालू-बंद करून सरासरी खाली आणतं, म्हणजे फिलामेंट जास्त दिवस टिकते. फिलामेंटला थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून तिच्यात ही उघडझाप दिसत नाही. एलईडी मात्र प्रत्येक खंड जसाच्या तसा दाखवते.

तिसरी तक्रार रात्री बंद गॅरेजमध्ये लक्षात येते. इंडिकेटर दिलेलाच नाही, नुसतं इग्निशन चालू आहे, आणि कोपऱ्यातला दिवा मिणमिणतोय किंवा ठरावीक वेळाने चमकून जातोय. दिवा बंद असतानाही बीसीएम त्याची फिलामेंट शाबूत आहे का ते तपासत असतं, त्याचा हा परिणाम. याला कोल्ड चेक म्हणतात. कोडिंगनंतरच्या तक्रारींमध्ये हीच सगळ्यात जास्त चुकीच्या इलाजाला बळी पडते.

दुसरी आणि तिसरी तक्रार वेगळी करायला फोन पुरतो. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रीकरण करा. पेटलेल्या काळात काळ्या फटी दिसल्या तर पीडब्ल्यूएम. बंद काळात एखाददुसऱ्या फ्रेममध्ये लख्ख चमक दिसली तर तपासणीचा पल्स, म्हणजे क्षणभर सोडलेला करंट. बंद काळात सतत मंद उजेड असेल तर तो गळतीचा करंट. पल्स आणि गळती यांच्यावरचे इलाज वेगवेगळे आहेत, म्हणून हा फरक नीट बघून ठेवा.

मल्टीमीटरनेही पीडब्ल्यूएम पकडता येतो, पण इंडिकेटर एका वेळी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच पेटतो, तेवढ्यात मीटरचा आकडा स्थिर होत नाही. डायग्नोस्टिक टूलमधल्या आउटपुट टेस्टने दिवा सलग पेटता ठेवता आला तर तो ठेवा आणि सॉकेटवर डीसी व्होल्ट मोजा. बॅटरीवर १४.२ आणि सॉकेटवर १२.३ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका, वायर खराब नाही. बीसीएम १३.२ व्होल्टचा परिणाम साधण्यासाठी दिवा सुमारे ८६ टक्के वेळच चालू ठेवत असेल तर सरासरी मोजणारा मीटर नेमकं एवढंच दाखवतो.

६ ओहमचा रेझिस्टर

सोनेरी ॲल्युमिनियमच्या खोक्यातला, दोन्ही बाजूंना वायर निघालेला. काम एकच, एलईडीच्या जोडीला जास्तीचा करंट ओढणं. पहिल्या तक्रारीवर, आणि तीही कोडिंग न करता येणाऱ्या गाडीत, तो हमखास काम करतो. त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

हिशेब करून बघा. १४ व्होल्टला ६ ओहम म्हणजे २.३ अँपिअर आणि जवळजवळ ३३ वॅट. म्हणजे काढून टाकलेल्या बल्बपेक्षा जास्तच. अर्धा वेळ बंद धरला तरी सरासरी १६ वॅटची निव्वळ उष्णता, चारही कोपऱ्यांत हॅझार्ड चालू असेल तर ६५ वॅट. खरं तर ८.२ ओहम पुरतो: २४ वॅट, म्हणजे मूळ बल्बच्या अगदी जवळ. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो प्रमाणित किमतीचा रेझिस्टर म्हणून मिळतो, पण मोटारीच्या ॲक्सेसरीजमध्ये सगळीकडे ६ ओहमच विकला जातो. घेणारच असाल तर ८.२ शोधा. बाजूच्या ५ वॅटच्या छोट्या इंडिकेटरला (रिपीटर) ३३ किंवा ३९ ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर योग्य; तिथे ६ ओहम लावणं म्हणजे वायरवर विनाकारण भार.

'५० वॅट' हा आकडा रेझिस्टर धातूच्या मोठ्या पत्र्यावर घट्ट बसवलेला असेल तेव्हाचा. वायरला टाय मारून हवेत लोंबकळत ठेवला तर त्याची क्षमता त्या आकड्याच्या एका भागापुरतीच उरते. बंपरच्या प्लास्टिकला, हेडलाइटच्या पाठीला, फोमला किंवा दुहेरी टेपने कुठेही चिकटवू नका. रंग खरवडलेल्या सपाट धातूवर, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर देऊन, दोन स्क्रूंनी बसवा. मग १० मिनिटं हॅझार्ड चालवून तापमान मोजा. चकाकत्या ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर बराच कमी आकडा दाखवतो, म्हणून आधी मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका द्या आणि त्यावर नेम धरा. १०० अंशांच्या पुढे गेला तर जागा बदला.

जोडणी दिव्याला समांतर: एक टोक इंडिकेटरच्या पॉझिटिव्हला, दुसरं अर्थला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला). दिशा उलटसुलट चालते. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर पुरेशी आहे. सोबत येणाऱ्या चिमट्याच्या निळ्या-लाल क्लिपा वापरू नका. त्या वायरचं कवच कापतात, आत ओल शिरते, काही महिन्यांत तांबं हिरवं पडतं आणि त्याच कारणाने दिवा परत फडफडायला लागतो. क्रिंप करा आणि वर गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा.

आता कोडिंग झालेल्या गाडीचं. तिथे बीसीएमला 'इथे एलईडी आहे, करंट कमी येणार' असं सांगून झालेलं असतं. आता रेझिस्टरने दोन-अडीच अँपिअर ओढले तर काही मॉड्यूल त्याला ओव्हरलोड समजून त्या बाजूचं आउटपुट तोडतात आणि 'शॉर्ट टू ग्राउंड' असा फॉल्ट नोंदवतात. दिवा दोन-चार वेळा पेटून गप्प होतो. आधी रेझिस्टर लावून नंतर कोडिंग केलेल्या गाड्यांत हे दिसतं. दोन्हींपैकी एकच ठेवावं आणि कोडिंग शक्य असेल तर रेझिस्टर उतरवावा.

एका ठिकाणी मात्र रेझिस्टर मनापासून सुचवावासा वाटतो, आणि तो हा ६ ओहमचा नव्हे. बंद दिवा सतत मंद मिणमिणत असेल तर बीसीएमच्या आतून, वायर तुटली आहे का हे बघण्यासाठी, अगदी बारीक करंट सोडलेला असतो. फिलामेंट तो गिळून टाकते, एलईडी त्यावर पेटते. एलईडीला समांतर १ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावला की हा करंट त्यातून निघून जातो. त्यात जास्तीत जास्त ०.२ वॅट जातात, बोटाला फार तर कोमट लागतो. करंट मोठा असलेल्या गाडीत ४७० ओहम लावा. शेंगदाण्याएवढ्या या वस्तूने जे साधतं त्यासाठी लोक चार सोनेरी खोकी लावतात.

डिकोडर

'२१ वॅट कॅनबस डिकोडर' या नावाने विकला जाणारा छोटा डबा, एका टोकाला बल्बचं सॉकेट, दुसऱ्याला प्लग. नावात कॅनबस असला तरी त्याचा कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या मॉड्यूलांच्या आपसातल्या, संदेशांशी काहीही संबंध नाही. आत साधारण तीन गोष्टी असतात: उलटा करंट अडवणारा डायोड, वीज साठवणारा मोठा कपॅसिटर आणि लोड रेझिस्टर. स्वस्त डब्यांत नुसता रेझिस्टर असतो, म्हणजे पैसे डब्याचे आणि माल वरच्याच परिच्छेदांतला. हलवून, वजन घेऊन कळत नाही. विक्रेत्याला आतल्या कपॅसिटरची क्षमता विचारा. उत्तर येत नसेल तर घेऊ नका.

थरथरीवर हा कपॅसिटर खरोखर उपयोगी आहे. एलईडी ०.४ अँपिअर घेते आणि पीडब्ल्यूएमची फट दीड मिलिसेकंदाची आहे असं धरा. १००० मायक्रोफॅरडमध्ये तेवढ्या वेळात व्होल्टेज फक्त ०.६ ने उतरतं. डोळ्याला काहीच कळत नाही. ८५ टक्क्यांच्या आसपासच्या पीडब्ल्यूएमवर हा डबा पूर्ण समाधान देतो.

त्यालाही मर्यादा आहेत. ४७०० मायक्रोफॅरडचा 'हेवी ड्यूटी' डबा घेतला तर तोच ०.४ अँपिअरचा बल्ब १४ वरून ९ व्होल्टवर यायला ६० मिलिसेकंद घेतो, ०.२ अँपिअरचा असेल तर १२०. इंडिकेटरची झटकन विझण्याची धार जाते, मागच्या चालकाला तो पेटतो-विझतो यापेक्षा कमी-जास्त होतो असा दिसतो. इंडिकेटरसाठी १००० च्या आसपास थांबावं. शिवाय रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच करंट ओढतो. संवेदनशील बीसीएम त्याला खरा शॉर्ट समजून आउटपुट बंद करू शकतं. डबा लावल्यावर दिवा अधूनमधून एक ठोका चुकवत असेल तर हेच कारण आधी तपासा.

आणि ज्यासाठी हा डबा पुष्कळदा विकत घेतला जातो, त्या बंद दिव्याच्या चमकेवर तो उलटा पडतो. तपासणीचा पल्स एखाद्या मिलिसेकंदाचा असतो. तेवढ्यात कपॅसिटर भरतो, डायोडमुळे परत रिकामा होऊ शकत नाही, आणि मग सगळा साठा एलईडीतून सावकाश जातो. एक मिलिसेकंदाची चमक दहा-बारा मिलिसेकंदांची होते. चमक जास्त ठळक दिसली म्हणून 'डबा खराब निघाला' अशी तक्रार होते. डबा त्याच्या स्वभावाप्रमाणेच वागलेला असतो.

लोड असलेला डबाही रेझिस्टरएवढाच तापतो, तेव्हा बसवण्याचे नियम तेच. कपॅसिटर १०५ अंशांचा आणि २५ व्होल्टपेक्षा वरचा, शक्यतो ३५ व्होल्टचा असावा. ८५ अंशांचा कपॅसिटर लोड रेझिस्टरच्या शेजारी त्याच डब्यात भरला असेल तर तो फार टिकणार नाही, कारण उष्णतेने आतला द्रव सुकत जातो आणि थरथर हळूहळू परत येते.

बल्ब

पोटात लोड असलेला 'एरर फ्री' बल्ब घेऊ नये, असं स्पष्ट मत आहे. वीस वॅटची उष्णता अंगठ्याएवढ्या वस्तूत, बंद दिव्याच्या आत सोडायची आणि त्याच बुडावर एलईडी बसवायची, हा बेत मुळातच चुकतो. अंबर एलईडी पांढऱ्यापेक्षा उष्णतेला जास्त हळवी असते. चिप शंभर अंशांजवळ गेली की तिचा प्रकाश निम्म्यापर्यंत उतरू शकतो. काही बल्बांत तापमान वाढल्यावर लोड आपोआप कमी करणारं सर्किट असतं. ते बल्ब वाचवतं, पण लोड गेल्यामुळे पाच-सात मिनिटांच्या हॅझार्डनंतर हायपरफ्लॅश सुरू होतो. थंड गाडीत सगळं ठीक, सिग्नलला थांबल्यावर बिघाड, असं कोडं वाटत असेल तर उत्तर इथे आहे. घरच्या घरी पडताळता येतं: बल्ब १२ व्होल्टच्या सप्लायवर, मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये, पहिल्या मिनिटाचा आणि दहाव्या मिनिटाचा करंट लिहून घ्या.

कोडिंग करणार असाल तर लोड नसलेला पण चांगल्या ड्रायव्हरचा बल्ब हवा. ड्रायव्हर म्हणजे व्होल्टेज बदललं तरी एलईडीचा करंट स्थिर ठेवणारं सर्किट. इनपुट किमान ९ ते १६ व्होल्ट लिहिलेलं असावं. ज्या बल्बांत चालू होताना हळूहळू उजळणारा सॉफ्ट स्टार्ट आहे ते पीडब्ल्यूएमवर सर्वांत वाईट वागतात. प्रत्येक फटीनंतर ड्रायव्हर नव्याने सुरू व्हायला जातो आणि थरथर अनियमित होते, ती नियमित थरथरीपेक्षा जास्त टोचते. नुसत्या रेझिस्टरवर चालणारा स्वस्त बल्ब इथे उलट जरा बरा दिसतो, पण इंजिन बंद आणि चालू यांत त्याची उजळी बदलते.

बेस बघून घ्या. पीवाय२१डब्ल्यूच्या पिना १५० अंशांवर असतात, पी२१डब्ल्यूच्या १८० वर, त्या घासून बसवू नयेत. काचेच्या बुडाच्या वेज बल्बमध्ये एलईडी पेटली नाही तर काढून उलटी लावा. पारदर्शक काचेमागे अंबर एलईडीच हवी. शिवाय बऱ्याच देशांत फिलामेंटच्या दिव्यात बदली एलईडी बसवायला मान्यता लागते, तेव्हा पाकिटावरचा मान्यतेचा शिक्का आणि आपला नियम दोन्ही पाहूनच पैसे मोजा.

कोडिंगची साधनं

फोक्सवॅगन समूहासाठी व्हीसीडीएस आणि ओबीडीइलेव्हन, बीएमडब्ल्यूसाठी बिमरकोड, फोर्डसाठी फोरस्कॅन. चारही आपापल्या गाड्यांत कामाची आहेत. लाइटिंगसाठी व्हीसीडीएस उजवं वाटतं, कारण प्रत्येक दिव्याच्या चॅनेलची सगळी मूल्यं एकत्र बघता येतात आणि आधीची पूर्ण नोंद फाइलमध्ये ठेवता येते. तयार बटणाच्या ॲप्समध्ये 'एलईडी इंडिकेटर' दाबलं की आत नेमकं काय बदललं हे दिसत नाही, आणि अर्धवट बदल हेच फडफडीचं मोठं कारण आहे.

एमक्यूबी बांधणीच्या फोक्सवॅगन, स्कोडा, सिआट, ऑडीत ०९ क्रमांकाच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्समध्ये जायचं. आधी मॅप (मॉड्यूलमधल्या सगळ्या मूल्यांची फाइल) सेव्ह करायचा, मग सिक्युरिटी ॲक्सेससाठी ३१३४७ हा कोड. पुढचा डावा इंडिकेटर 'लॉइख्टे ०', उजवा 'लॉइख्टे १'. इथे तीन मूल्यांकडे लक्ष हवं: लोडचा प्रकार, दिवा बिघडल्याची बिट पोझिशन आणि डिमिंगची टक्केवारी. बरेच जण फक्त बिट पोझिशन शून्य करतात. इशारा जातो, पण लोडचा प्रकार फिलामेंटचाच राहिल्यामुळे पीडब्ल्यूएम आणि तपासणी तशीच चालू राहते. लोडच्या प्रकाराचा आकडा अंदाजाने टाकू नका; त्याच मॉडेलच्या, कारखान्यातूनच एलईडी इंडिकेटर आलेल्या गाडीच्या मॅपमधला त्याच चॅनेलचा आकडा उचला. इंडिकेटर पार्किंग लाइट म्हणून मंद पेटता ठेवण्याची हौस केली असेल तर त्या फंक्शनचं डिमिंग वीस-तीस टक्के असतं. एवढ्या मोठ्या फटींवर कपॅसिटरचा भरवसा धरता येत नाही. ते फंक्शन काढा.

बीएमडब्ल्यूच्या एफ मालिकेत तपासणी दोन वेगळ्या नोंदींत आहे, दिवा पेटलेला असतानाची वॉर्म आणि बंद असतानाची कोल्ड. नुसती वॉर्म बंद केली की टकटकीचा वेग सुधारतो, आणि काम झालं असं वाटतं. कोल्ड चालूच असते, म्हणून रात्री बंद दिवा चमकतो. दोन्ही, दोन्ही बाजूंच्या, पुढच्या आणि मागच्या, अशा आठ नोंदी तपासा.

कोडिंग करताना बोनेट उघडून बॅटरीला सपोर्ट चार्जर लावा, १२.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, इंजिन बंद आणि इग्निशन चालू. एका वेळी एकच मूल्य बदला, मग गाडी लॉक करून मॉड्यूल झोपेपर्यंत थांबा आणि पुन्हा बघा. लगेच बघितलं तर जुनंच वर्तन दिसू शकतं. वर्कशॉपमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर हे सगळं मूळ स्थितीला जाऊ शकतं, म्हणून सेव्ह केलेली फाइल जपून ठेवा.

देखरेख बंद केली म्हणजे खरोखर दिवा गेला तरी गाडी सांगणार नाही. हा तोटा लहान नाही; मागचा इंडिकेटर बंद आहे हे चालकाला गाडीत बसून कळत नाही. म्हणून लोडचा प्रकार एलईडीचा करून देखरेख चालू ठेवता येत असेल तर तोच मार्ग पहिला, तपासणी पूर्ण बंद करणं नंतरचं.

फ्लॅशर रिलेचं थोडक्यात: ज्या गाडीत इंडिकेटरचा वेगळा रिले आहे तिथे ठरावीक वेगाचा एलईडी रिले सगळ्यात स्वच्छ उपाय, पिना आणि त्यांचा क्रम जुळवून घ्या. बीसीएम असलेल्या गाडीत टकटक बहुधा स्पीकरमधून येते, वेगळा रिले सहसा शोधूनही सापडणार नाही.

हे सगळं करून एकाच कोपऱ्यातला दिवा फडफडत राहिला तर परत कोडिंगकडे वळू नका. डावा-उजवा बल्ब आपसात बदला. दोष बल्बबरोबर गेला तर बल्ब, जागेवर राहिला तर सॉकेट किंवा अर्थ. दिवा पेटता ठेवून मीटरची एक पिन सॉकेटच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट सोडून घासा. वेज सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या जुन्या बल्बच्या उष्णतेने सैल झालेल्या असतात आणि एलईडीचं बूड बऱ्याचदा किंचित पातळ असतं. बारीक स्क्रूड्रायव्हरने त्या अर्धा मिलिमीटर आत वाकवल्या की पुष्कळदा फडफड तिथेच थांबते.